पैसा, दशमांश आणि इन्कम टॅक्स: मंडळीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वांना सलाम. मी अकरा वर्षं आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, खजिनदार होतो आणि पोटापाण्याची नोकरी पण अकाउंट्सचीच, त्यामुळे रविवारी उपासना संपली की चहाच्या वेळी कुणीतरी हळूच बाजूला घेऊन पैशाचं काहीतरी विचारणार हे ठरलेलंच. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा बसून सगळे लिहून काढलेत. वचनं दिलीत ती घरी पवित्र शास्त्र उघडून स्वतः बघा. टॅक्सचे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा लागू झालाय, कलमांचे नंबर बदललेत, पण सगळ्यांच्या तोंडी अजून ८०जी (दानावरची वजावट), ८०सी (बचतीवरची वजावट) हेच आहे म्हणून मीही जुनेच नंबर वापरतो.

सरकार आपल्या पैशाचं काय करतं ते दिसतंच आहे, मग ख्रिस्ती माणसाने टॅक्स भरायचाच का?

हो, भरायचा. "कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला भरून द्या" हे येशूचं वचन (मत्तय २२:२१) सगळ्यांना पाठ आहे, पण तेव्हा परिस्थिती काय होती ते आपण विसरतो. तो कैसर, म्हणजे रोमचा बादशहा, परका होता, देश जिंकून बसलेला, आणि कराचा पैसा रोमच्या फौजेवर जात होता. आपल्याला निदान मत तरी देता येतं, त्या लोकांना तेही नव्हतं. पुढे पौलाने रोमकरांस पत्रात (१३:६-७) कर द्या म्हणून लिहिलं तेव्हा गादीवर नीरो होता. सरकार चांगलं असेल तरच भरा अशी अट दोघांनीही घातलेली नाही. सरकारला प्रश्न विचारा, माहिती अधिकारात अर्ज टाका, मतदान करा, ते सगळं वेगळं, पण रिटर्न खरं भरा.

माशाच्या तोंडातल्या नाण्याची गोष्ट (मत्तय १७) लोक या विषयात नेहमी सांगतात, तो कर मात्र मंदिराचा होता, रोमचा नाही.

दशमांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) मी नेमाने देतो. मग टॅक्समध्ये थोडं इकडचं तिकडं केलं तर देव समजून घेईल ना?

या प्रश्नावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण ही चूक माझी स्वतःची आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी वडिलांच्या घरात राहायचो आणि घरभाडे भत्त्यावरचा टॅक्स वाचवायला ऑफिसात भाड्याच्या पावत्या द्यायचो. भाडं एक रुपया दिलेलं नव्हतं. स्टेशनरीच्या दुकानातून पावतीपुस्तक आणलं, रेव्हेन्यू स्टॅम्प चिकटवला आणि वडिलांची सही घेतली, त्यांनी काही न विचारता केली. सगळे सहकारी तेच करायचे त्यामुळे मनाला काही लागलं नाही. त्याच वर्षी मी दशमांशाचं पाकीट मात्र एकदाही चुकवलं नाही आणि त्याचा मला अभिमानही होता. मग एका रविवारी जक्कयाचा उतारा वाचायची पाळी माझ्यावर आली, लूक १९. यरीहोतला मुख्य जकातदार, बुटका, उंबराच्या झाडावर चढलेला, लहानपणापासून शंभरदा ऐकलेली गोष्ट. पण त्या दिवशी मोठ्याने वाचताना लक्षात आलं की तो दोन गोष्टी वेगवेगळ्या बोलतोय. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, हे दान झालं. आणि ज्याचं अन्यायाने घेतलंय त्याला चौपट परत करतो, ही परतफेड. दान दिलं म्हणून परतफेड सुटत नाही. मी पहिलं करत होतो आणि दुसऱ्याचं नावही घेत नव्हतो.

तेव्हा जुनं रिटर्न मागे जाऊन दुरुस्त करायची सोय फार कमी होती. आता आहे. २०२२ पासून अपडेटेड रिटर्न भरता येतं, आणि २०२५ च्या बजेटमध्ये त्याची मुदत असेसमेंट वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून ४८ महिने केली. राहिलेला टॅक्स आणि व्याज भरायचंच, त्याशिवाय वर जादा रक्कम द्यावी लागते, पहिल्या बारा महिन्यांत २५ टक्के, दुसऱ्या वर्षात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. जक्कयाच्या चौपटीपेक्षा हे फारच स्वस्त आहे असं मी खरंच मानतो. ज्यांच्यावर आधीच तपासणी वगैरे चालू आहे त्यांना ही वाट सहसा मिळत नाही, म्हणून नोटीस यायची वाट बघू नका, आधीच चांगल्या सीएकडे जा.

आणि खरंच आईवडिलांच्या घरात राहून त्यांना भाडं देत असाल तर ते पूर्ण कायदेशीर आहे. बँकेतून द्या, करार करा, वर्षाला एक लाखाच्या वर भाडं असेल तर त्यांचा पॅन लागतो, आणि त्यांनी ते आपल्या उत्पन्नात दाखवायचं. ही सवलत फक्त टॅक्सच्या जुन्या पद्धतीत आहे (टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनीत सवलती जास्त, नवीत दर कमी).

मग टॅक्स वाचवणं हेच पाप आहे का?

अजिबात नाही. कायद्यानेच दिलेली सवलत घेणं म्हणजे चोरी नव्हे. पीपीएफ, विमा, होम लोनचं व्याज, जुन्या पद्धतीत जे बसतं ते घ्या. नव्या पद्धतीत २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो आणि पगारदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरून ती मर्यादा १२ लाख ७५ हजारांवर जाते (शेअर विकून झालेल्या नफ्यासारख्या वेगळ्या दराच्या उत्पन्नाला हा रिबेट चालत नाही, तिथे नीट विचारून घ्या). म्हणजे आपल्या मंडळीतल्या बहुतेक घरांना खोटं बोलायचं कारणच उरलेलं नाही. दोन्ही पद्धतींनी आकडेमोड करून बघा, जी स्वस्त पडेल ती घ्या आणि शांत झोपा.

दशमांश ग्रॉस पगारावर द्यायचा की हातात पडतो त्यावर?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि पवित्र शास्त्रात याचं सरळ उत्तर नाही, कारण तेव्हा पगारपत्रक नव्हतं, धान्य आणि गुरंढोरं होती. काही जण पिकाचा पहिला वाटा देवाला द्या हे प्रथमफळाचं वचन (नीतिसूत्रे ३:९) धरून ग्रॉसवर देतात. काही म्हणतात टॅक्स कापला तो पैसा माझ्या हातात आलाच नाही, तर त्यावर काय देऊ. दोन्ही प्रामाणिक आहेत. मी स्वतः टॅक्स कापून उरतो त्यावर देतो, पण पीएफ वजा करत नाही कारण तो माझाच पैसा आहे, उद्या मलाच मिळणार.

आणखी एक गोष्ट जी आपल्याकडे फार कमी सांगितली जाते. जुन्या करारात दशमांशाचे बरेच उपयोग सांगितलेत. लेव्यांचा (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाचा) वाटा होता, यरुशलेमेला जाऊन कुटुंबासह देवापुढे खायचा भाग होता, आणि दर तिसऱ्या वर्षी गावातच साठवून परका, अनाथ, विधवा यांनी पोटभर जेवायचं असा नेम होता (अनुवाद १४:२२-२९). म्हणजे दशमांश फक्त मंडळीच्या इमारतीचा आणि साउंड सिस्टीमचा नाही. नव्या करारात तर टक्का दिलेलाच नाही, ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खेदाने नाही आणि जबरदस्तीने तर नाहीच (२ करिंथ ९:७).

डोक्यावर कर्ज आहे, घरात आजारपण आहे, तरी दहा टक्के द्यायलाच पाहिजेत का? पाळकसाहेब मलाखीचं वचन दाखवतात.

सगळा दशमांश देवाच्या भांडारात आणा हे मलाखी ३:१० खरं आहे, पण येशू एकाच वाक्यात म्हणतो की तुम्ही पुदिना, शेप, जिरे यांचा दशमांश देता आणि न्याय, दया, विश्वास या मोठ्या गोष्टी सोडता, त्या करायच्या आणि हेही सोडायचं नाही (मत्तय २३:२३). आणि मार्क ७ मध्ये तर फारच स्पष्ट आहे, आईबापाला द्यायचा पैसा 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिला असं सांगून जे हात झटकायचे त्यांना तो ढोंगी म्हणतो. त्यामुळे आईचं डायलिसिस चालू असताना तिच्या औषधाचा पैसा पाकिटात घालू नका. १ तीमथ्य ५:८ वाचा, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दल पौल काय बोलतो.

थोडं का होईना द्या, सवय मोडू नका, कारण त्या गरीब विधवेने अर्पणात टाकलेल्या दोन टोल्या (अगदी लहान नाणी) येशूने बघितल्या. पण दबावाखाली क्रेडिट कार्डावरून दशमांश देणारा माणूस मी बघितलाय आणि त्या महिन्याच्या हिशोबात त्याची रक्कम लिहिताना माझा हात अडखळला होता. मंडळीच्या वडीलजनांनी अशा घराला उलट विचारायला पाहिजे की आम्ही काय करू.

मंडळीला दिलेल्या दानावर ८०जी मिळतं का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे ऐकून बरेच जण नाराज होतात. ८०जी धर्मादाय कामासाठी आहे, एका विशिष्ट धर्माच्या लोकांसाठी चालणाऱ्या किंवा निव्वळ धार्मिक कामाच्या ट्रस्टला ते मिळत नाही. त्यामुळे रविवारच्या अर्पणाच्या पिशवीत टाकलेला पैसा किंवा दशमांश टॅक्समधून वजा होणार नाही असंच धरून चला. आपल्याच लोकांचे दवाखाने, अनाथाश्रम, शाळा चालवणाऱ्या ज्या संस्था सगळ्यांसाठी काम करतात त्यांच्यापैकी काहींकडे ८०जी असतं, त्यांना दिलं तर साधारण ५० टक्के वजावट मिळते आणि तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. २,००० रुपयांच्या वर रोख दिलं तर काहीच नाही, आणि संस्थेकडून फॉर्म १०बीई घ्या, साधी पावती चालत नाही. नव्या पद्धतीत ही वजावटच नाही.

बाजारात ८०जीच्या खोट्या पावत्या विकणारे पण आहेत, दहा हजार द्या पन्नास हजारांची पावती घ्या. हनन्या आणि सप्पीरा (प्रेषितांची कृत्ये ५) यांनी नेमकं हेच केलं होतं, दिलं थोडं आणि दाखवलं जास्त.

"हजाराचं बी पेरा, शंभरपट मिळेल" असं सांगणाऱ्या सेवकांना पैसे पाठवू का?

नका पाठवू. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी म्हणजे वचन आहे, हे येशूने स्वतः समजावून सांगितलंय (लूक ८:११), क्यूआर कोड नव्हे. मला या विषयात खरंच राग येतो कारण यात अडकतात त्या आपल्या धुणीभांडी करणाऱ्या बहिणी आणि नोकरी गेलेली पोरं. जो सेवक हिशोब दाखवत नाही त्याला एक रुपया देऊ नका. पौल यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी घेऊन जात होता तेव्हा मुद्दाम सोबत दुसरे भाऊ घेतले, कुणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८:२०-२१). प्रेषिताला जे चाललं ते आजच्या सेवकाला का चालू नये? तुमच्या स्वतःच्या मंडळीत पण बघा, अर्पण दोघं-तिघं मिळून मोजतात का, वहीत सह्या होतात का, ट्रस्टचा ऑडिट रिपोर्ट दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातो का आणि सभासदांना वाचून दाखवतात का. हे विचारणं म्हणजे अविश्वास नाही, तुमचा तो हक्क आहे.

हीच गोष्ट गुंतवणुकीची. "ब्रदर, ही स्कीम आपल्याच माणसाची आहे, महिन्याला पाच टक्के" असं प्रार्थनेच्या ग्रुपवर आलं की लगेच सावध व्हा. आपला माणूस आहे म्हणूनच आपण कागद मागत नाही, आणि त्याला तेच पाहिजे असतं. आपल्या लोकांनी नीट उभ्या केलेल्या संस्था पण आहेत, वसईची बॅसीन कॅथोलिक बँक १९१८ पासूनची आहे, पण तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते आणि ठेवींना ५ लाखांपर्यंत विमा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ब्रदरच्या स्कीमला यातलं काय आहे ते त्याला विचारा.

पाळक, फादर, सिस्टर यांना टॅक्स लागतो का?

लागतो. यावर बरीच वर्षं कोर्टात वाद चालला. अनुदानित शाळांमध्ये शिकवणारे फादर आणि सिस्टर यांचं म्हणणं असं की आम्ही दारिद्र्याचं व्रत घेतलंय, पगार आमच्या हातात राहत नाही, सगळा संस्थेला जातो, मग टीडीएस (पगारातूनच कापला जाणारा टॅक्स) कसला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पगार त्या व्यक्तीच्या नावाने निघतो म्हणजे टीडीएस कापला जाणार, पुढे ते पैसे कुणाला देतात हा त्यांचा प्रश्न. काही जणांना हा आपल्यावर अन्याय वाटला. मला नाही वाटत. व्रत देवाशी आहे, सरकारशी नाही, आणि तोच पगार घेणारी शेजारच्या वर्गावरची बाई टॅक्स भरतेच की.

मंडळीच्या पाळकांचा पगार पण पगारच. मात्र खेड्यापाड्यातल्या बऱ्याच पाळकांना टॅक्स लागण्याइतका पगार आपण देतच नाही, ते आधी बघायला हवं.

मेहुणा म्हणतो लोनला जामीन राहा. नाही म्हटलं तर घरात वाईटपणा येतो.

नाही म्हणा. नीतिसूत्रे ६:१-५ आणि २२:२६-२७ दोन्ही उतारे त्याला दाखवा, दुसऱ्यात तर लिहिलंय की फेडायला काही नसेल तर अंगाखालचं अंथरूण काढून नेतील. कायद्याने पण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, बँक आधी तुमच्याकडे पण येऊ शकते. मदत करायचीच तर जेवढे परत नाही आले तरी चालतील तेवढे हातात द्या आणि विसरा.

विश्वास आहे तर मेडिक्लेम आणि सेव्हिंग कशाला?

देवाने मिसरच्या फारो राजाला स्वप्नातून सात वर्षांचा दुष्काळ आधी दाखवला, योसेफाने त्याचा अर्थ सांगितला आणि सुकाळात पाचवा हिस्सा साठवायला लावला (उत्पत्ति ४१:३४). म्हणजे २० टक्के. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला, मग मेडिक्लेम, कमावत्या माणसाचा टर्म इन्शुरन्स, आणि मग एसआयपी वगैरे. ज्या श्रीमंताला देव मूर्ख म्हणाला (लूक १२) तो साठवत होता म्हणून नाही, फक्त स्वतःसाठी साठवत होता म्हणून.

नवरा-बायकोचं रिटर्न एकत्र भरता येतं का? शेजारचे एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) काढून टॅक्स वाचवतात, आपण काढू शकतो का?

एचयूएफ आपल्याला नाही, ते हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांसाठी आहे. एकत्र रिटर्नची पण सोय नाही. पण गोव्याच्या लोकांची गोष्ट वेगळी आणि ही बऱ्याच जणांना माहितीच नसते. तिथे पोर्तुगीज नागरी कायद्यानुसार लग्नानंतर मालमत्ता दोघांची सामाईक होते, म्हणून आयकर कायद्यातल्या कलम ५अ प्रमाणे पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, व्याज, धंद्याचा नफा, हे नवरा-बायकोत अर्धं अर्धं वाटून दोघांनी आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. मुंबईत राहणारी गोवेकर जोडपी हे विसरतात आणि मग नोटीस आली की धावपळ. हा नियम फक्त ख्रिस्ती लोकांना नाही, गोव्यात तो कायदा लागू असलेल्या सगळ्यांना आहे.

जमीन किंवा फ्लॅटच्या व्यवहारात अर्धे रोख द्यावे लागतात, सगळेच देतात.

हे अवघड आहे, मी सोपं आहे असं सांगणार नाही. बरेच विकणारे ऐकतच नाहीत. पण घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, आणि कमी किमतीचा कागद केलात तर उद्या विकताना तुमचाच नफा कागदावर जास्त दिसेल. लेवीय १९:३५-३६ मध्ये खरा तराजू, खरी वजनं सांगितलीत. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने पूर्ण चेकचाच व्यवहार पाहिजे म्हणून तीन घरं सोडली, चौथं लांब मिळालं, रोज दीड तास प्रवास वाढला. त्यांना हे महागात पडलं आणि तरी त्यांनी केलं.

घरकामाच्या मावशींचा पगार सुट्टीचा कापला तर चालतं ना?

याकोब ५:४ वाचा, अडवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे. महिन्यातून चार सुट्ट्या भरपगारी द्या, पगार एक तारखेला द्या. दशमांशाचं पाकीट भरायच्या आधी हे.

मृत्युपत्र करणं अपशकुनी नाही का? आणि नॉमिनी लावलाय की.

नॉमिनी म्हणजे सहसा मालक नव्हे, तो फक्त पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचा. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो (गोव्याचं वेगळं आहे). मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि बाकी दोन तृतीयांश मुलांना, मुलगा मुलगी सारखेच. पण मुलं असतील तर म्हाताऱ्या आईवडिलांना यातून काहीच मिळत नाही. एकुलत्या मुलाच्या कमाईवर जगणारी आई त्याच्यामागे कायद्याने रिकाम्या हाताने राहते, हे बघितल्यापासून मी प्रत्येकाला मृत्युपत्र करायला लावतो. साधा कागद चालतो, दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका.

लग्नाआधी केलेलं मृत्युपत्र लग्न झालं की आपोआप रद्द होतं, आपल्या कायद्यात तसं आहे, त्यामुळे लग्नानंतर नवीन करा.

मंडळीला किंवा अनाथाश्रमाला काही ठेवायचं असेल तर आता अडचण नाही. आधी याच कायद्याच्या कलम ११८ मध्ये जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला धर्मादाय कामासाठी मालमत्ता ठेवायची तर मरणाच्या किमान बारा महिने आधी मृत्युपत्र केलेलं असावं अशी अट होती. केरळच्या एका फादरनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं. आमच्या मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने, मुलंबाळं नव्हती त्यांना, आपलं छोटं घर असंच मुलींच्या वसतिगृहाला लिहून दिलं, आणि सोबतच्या चिठ्ठीत शेवटच्या वर्षाच्या टॅक्सचा चलन नंबर आणि दूधवाल्याचे राहिलेले दोनशे चाळीस रुपये पण लिहून ठेवले होते.